काशीस जावे... पण केव्हा?

'काशीस जावे, नित्य वदावे' ही म्हण मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या उच्चारली जात आहे. प्रत्यक्ष जाणे घडो वा न घडो, जाण्याचा संकल्प मनात जागता ठेवावा, हा तिचा सरळ अर्थ. ज्या काळी काशी म्हणजे कित्येक महिन्यांची पायपीट होती, वाटेत नद्यांचे पूर, रानातील श्वापदे आणि वाटमाऱ्यांचा उपद्रव होता, निघालेला परत येईलच याची शाश्वती नव्हती, त्या काळी ही म्हण श्रद्धावंताला धीर देणारी होती. आज रेल्वे आहे, पक्के रस्ते आहेत, घरबसल्या आरक्षण करण्याची सोय आहे. अडचणी कमी झाल्या, पण आपल्या खेड्यापाड्यांतील असंख्य घरांत त्या म्हणीतील 'वदावे' तेवढे उरले आणि 'जावे' वर्षानुवर्षे पुढे ढकलले गेले. हे असे का व्हावे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

निमित्त घडले ते धाराशिव जिल्ह्यातील वाशी येथील एका कार्यकर्त्याच्या घरी झालेल्या भेटीचे. बालाघाटाच्या माळावरचे हे तालुक्याचे गाव. उत्तरेच्या अंगाने मांजरा वाहते, पण पाऊस कधी पाठ फिरवील आणि कधी अंगावर कोसळेल याचा नेम नाही. या घरातून आजवर कोणीही काशीला गेलेले नव्हते. सोयाबीनचे पैसे हाती आले की २०२५च्या दिवाळीनंतर सर्वांनी मिळून पहिली काशीयात्रा करावयाची, असे ठरले होते. परंतु त्या सप्टेंबरात जिल्ह्यावर अतिवृष्टीचे संकट आले, काढणीला आलेले पीक पाण्यात गेले आणि यात्रेचा बेतही त्याबरोबर वाहून गेला. "पुढच्या साली बघू," असे घरचा कर्ता पुरुष म्हणत असता ओसरीवर बसलेल्या त्याच्या वृद्ध मातेने जे उद्गार काढले, ते आम्हांला विसरता येत नाहीत. ती म्हणाली, "आरं बाबा, नेतो-नेतो म्हणतूस, पाय चालत्यात तवर ने. मागनं खांद्यावरच न्यावं लागंल."

या एका वाक्यात आपल्या समाजाची मोठी चूक उघडी पडली आहे. काशी ही आयुष्याच्या शेवटी करावयाची गोष्ट, असा एक समज आपण करून घेतला आहे. मुलांची शिक्षणे व्हावीत, लेकींची लग्ने व्हावीत, घर बांधून व्हावे, कर्ज फिटावे आणि मग काशी. ही कामे एकामागून एक उभी राहतात आणि ती संपेपर्यंत गुडघे संपलेले असतात. काशीत मृत्यू येणे मोक्षदायक मानले गेले हे खरे; पण म्हणून काशी केवळ मरणाऱ्यांची नगरी होत नाही. ती ज्ञानाची नगरी आहे, आणि ज्ञानाचा अधिकार तरुणाचा. सोडमुंजीच्या वेळी बटू काशीस जावयास निघतो आणि मामा त्याला मुलगी देण्याचे आमिष दाखवून परत फिरवतो, हा गमतीचा विधी आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या विधीत काशीला निघालेला वृद्ध नसतो, तो दंड-झोळी घेतलेला कोवळा विद्यार्थी असतो. आपल्या परंपरेची मूळ दृष्टी कोणती होती, हे त्यावरून ध्यानी यावे.

दुसऱ्या बाजूस शहरी मध्यमवर्गात याच्या नेमके उलट चित्र दिसते. तेथे काशी पुढे ढकलली जात नाही, ती उरकली जाते. एका रात्रीचा मुक्काम, सायंकाळची गंगाआरती, नौकेतून काढलेली छायाचित्रे, पहाटे घाईचे दर्शन आणि परतीचे विमान. २०२५च्या महाकुंभाच्या वेळी प्रयागहून काशीकडे लोटलेल्या अलोट गर्दीत श्रद्धेचे विराट दर्शन घडले, हे कोणीही मान्य करील. पण त्या गर्दीतून परतलेल्या कित्येकांना आपण कोणत्या भूमीवर उभे होतो याची गंधवार्ताही नव्हती, हेही तितकेच खरे. एकाने काशी उद्यावर टाकली, दुसऱ्याने ती एका दिवसात गुंडाळली. दोघेही काशीस मुकले.

मराठी माणसाने तर काशीला परक्या प्रांतातील दूरचे तीर्थ मानावे, याइतके अज्ञान दुसरे नाही. सोळाव्या शतकात गोदातीरीच्या पैठणहून भट्ट घराणे काशीस जाऊन स्थायिक झाले. त्याच घराण्यातील नारायणभट्टांनी काशी, प्रयाग आणि गया या तीन क्षेत्रांच्या यात्राविधीवर 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ रचला आणि अकबराच्या काळात, तोडरमलाच्या साहाय्याने, भग्न झालेले विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. त्यांच्याच वंशातील कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' आजही धर्मशास्त्राचा आधार मानला जातो. पैठणचेच संतश्रेष्ठ एकनाथ महाराज; त्यांनी आपल्या भागवतावरील टीकेची समाप्ती इ. स. १५७३मध्ये काशीतच केली. मराठी भाषेतील हा ग्रंथराज गंगेच्या तीरी पूर्ण झाला, ही गोष्ट प्रत्येक वारकरी घरात मुलांना सांगितली गेली पाहिजे.

नारायणभट्टांनी उभे केलेले ते मंदिर १६६९ साली औरंगजेबाच्या आज्ञेने पाडण्यात आले. ज्या घराण्याने मंदिर बांधले, त्याच घराण्याच्या पुढच्या पिढ्या त्या विध्वंसाच्या साक्षी झाल्या. पण केवळ शोक करीत बसणे त्यांच्या रक्तात नव्हते. नारायणभट्टांचे पणतू विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट काशीहून निघाले आणि ६ जून १६७४ रोजी त्यांनी रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. मंदिर पडल्यानंतर अवघ्या पाच वर्षांत हिंदवी स्वराज्याचे सिंहासन उभे राहिले, आणि त्या मंगल प्रसंगी मंत्रोच्चार करणारा कंठ काशीचा होता. काशी आणि महाराष्ट्र यांचे नाते भावनेचे तर आहेच, ते राष्ट्राच्या पुनरुत्थानाचेही आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आणि वाशीकरांना तर हे नाते सांगण्यासाठी पैठणपर्यंतही जावयास नको. शेजारच्या जामखेड तालुक्यात, सकाळी निघून दुपारी परतावे इतक्या अंतरावर, चौंडी हे गाव आहे. ३१ मे १७२५ रोजी तेथे एका पाटलाच्या घरी जन्मलेल्या मुलीने पुढे १७८० साली विश्वनाथाचे आजचे मंदिर बांधले. विध्वंसानंतर एकशे अकरा वर्षांनी पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी हे कार्य सिद्धीस नेले. आज काशीत लक्षावधी भाविक ज्या गाभाऱ्यापुढे माथा टेकतात, तो याच कोरड्या, दुष्काळी पट्ट्यातील एका लेकीच्या पुण्याईने उभा आहे. बालाघाटाच्या माळावरील शेतकऱ्याने काशीच्या दारात परक्यासारखे बिचकत उभे राहण्याचे काहीच कारण नाही. तो आपल्याच माहेरच्या माणसाने बांधलेल्या मंदिरात चालला आहे.

काशीच्या घाटांवरून एकदा सावकाश चालत गेले, तरी हा इतिहास दगडांतून बोलू लागतो. अहिल्याघाट, नागपूरकरांचा भोसलेघाट, बायजाबाई शिंदे यांच्या नावाशी जोडलेला शिंदेघाट. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरातील गल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या राहणारी मराठी घरे. झाशीची राणी लक्ष्मीबाई हिचा जन्म काशीचाच. तिचे माहेरचे नाव मणिकर्णिका. मालवीयजींनी १९१६ साली स्थापन केलेल्या हिंदू विश्वविद्यालयात श्रीगुरुजी गोळवलकर शिकले आणि पुढे तेथेच त्यांनी अध्यापन केले. विद्यार्थ्यांनी आपुलकीने दिलेले 'गुरुजी' हे संबोधन त्यांना तेथेच चिकटले आणि जन्मभर त्यांच्यासोबत राहिले. हा वारसा संपलेला नाही. अयोध्येतील श्रीराम मंदिराच्या ५ ऑगस्ट २०२०च्या भूमिपूजनाचा मुहूर्त काशीच्या गणेश्वरशास्त्री द्रविड यांनी दिला. २०२५च्या अखेरीस अहिल्यानगरचा देवव्रत रेखे हा एकोणीस वर्षांचा तरुण काशीच्या सांगवेद विद्यालयात शुक्ल यजुर्वेदाचे दंडक्रम पारायण पन्नास दिवसांत पूर्ण करतो, तेव्हा सोडमुंजीतला तो काशीस निघालेला बटू या युगात खरोखर काशीस पोहोचलेला दिसतो.

पहिल्या यात्रेचे नियोजन करावयाचे, ते ही सारी जाणीव मनात ठेवून. पण जाणीव असली की तपशील आपोआप जुळतात, असे मानणे भाबडेपणाचे होईल. संघटनेत वाढलेल्या माणसाला नियोजनाचे महत्त्व सांगावे लागू नये. प्रथम काळ ठरवावा. आमच्या मते कार्तिक ते फाल्गुन हा काळ वृद्धांसाठी उत्तम. त्यातही पौष-माघातील दाट धुक्याने उत्तरेकडील गाड्यांना तासन् तास उशीर होतो, हे ध्यानात घेऊन हाताशी एखादा दिवस मोकळा ठेवावा. वैशाखाचा उन्हाळा उत्तरेत सोसवत नाही, आणि पावसाळ्यात गंगा चढली की घाटांच्या पायऱ्याच पाण्याखाली जातात. मुंबईहून महानगरी आणि कामायनी या गाड्या, तर पुण्याहून ज्ञानगंगा ही गाडी थेट काशीस जाते. १ नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी करता येते. म्हणजे दसऱ्याच्या सुमारास घरात एकमत झाले, तर दिवाळीनंतरची जागा वेळेवर मिळते. एकमतच पाडव्यापर्यंत लांबले, तर दोष रेल्वेला देऊ नये.

निघण्यापूर्वी कुलदैवताची आज्ञा घ्यावी. तुळजापूरची भवानी असो वा येरमाळ्याची येडेश्वरी, आईला सांगितल्याविना लेकराने दूरदेशी जाऊ नये, ही आपली रीत आहे. नैवेद्यासाठी कुंथलगिरीकडचे खव्याचे पेढे सोबत घ्यावेत. आपल्या माळावरचे दूध विश्वनाथाला पोहोचू द्यावे. कुंथलगिरीचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली जेथे सल्लेखना घेतली, ते हे जैनांचे सिद्धक्षेत्र. काशी ही तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ यांची जन्मभूमी, आणि काशीच्या वेशीवरील सारनाथ येथे भगवान बुद्धांनी पहिले प्रवचन दिले. कबीर आणि रविदास हे संतही काशीचेच. म्हणून पहिल्या यात्रेत भेलुपूर, सारनाथ आणि सीर गोवर्धनपूर येथील रविदासांचे जन्मस्थान वगळू नये. या भूमीत उगवलेल्या सर्व पंथांची मुळे एकाच मातीत कशी गुंतलेली आहेत, हे शंभर व्याख्यानांनी उमगणार नाही, ते या तीन ठिकाणांच्या दर्शनाने उमगते.

काशीत किमान तीन रात्री राहावे. रीतीप्रमाणे क्षेत्राचे कोतवाल जे काळभैरव, त्यांचे दर्शन घ्यावे. धुंडिराज, विश्वनाथ, अन्नपूर्णा, विशालाक्षी, बिंदुमाधव ही स्थाने सावकाश करावीत. १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पण झालेल्या विश्वनाथ धामामुळे गंगेपासून मंदिरापर्यंतचा मार्ग मोकळा झाला असून वृद्धांना अरुंद गल्ल्यांतील रेटारेटी पूर्वीइतकी सोसावी लागत नाही. धामाच्या प्रांगणात अहिल्यादेवींची मूर्ती आहे. तिच्यापुढे मुलांना उभे करून चौंडीचे नाव सांगावे. मंदिरात भ्रमणध्वनी नेता येत नाही. तो निवासावरच ठेवून जावे, म्हणजे बाहेर कोणाच्या हाती सोपवण्याची चिंता नाही आणि आत चित्तही स्थिर राहते. 'विशेष दर्शन घडवतो' म्हणून रस्त्यात गाठणाऱ्यांच्या नादी लागू नये. दक्षिणा जी द्यावयाची ती आधी ठरवावी आणि आनंदाने द्यावी.

त्या आवारातील जुना विशाल नंदी ज्ञानवापीकडे मुख करून बसलेला दिसतो. मुले विचारतील, नंदी तिकडे का पाहतो? त्यांना खरा इतिहास सांगावा. न लपवता आणि न भडकता. प्रकरण न्यायालयासमोर आहे. ३१ जानेवारी २०२४ रोजी जिल्हा न्यायालयाने तेथील व्यासांच्या तळघरात पूजेची अनुमती दिली, हे पाऊलही न्यायाच्या मार्गानेच पडले. देवाच्या दारात आरडाओरडा करणे हा भक्तीचा मार्ग नव्हे आणि शौर्याचाही नव्हे. अहिल्यादेवींनी शतकभराच्या वेदनेला उत्तर दिले ते मंदिर बांधून. नंदीकडून शिकावयाचा गुण कोणता असेल, तर तो अढळ प्रतीक्षेचा.

यात्रेकरूचे काही कर्तव्यही असते. गंगेला माता म्हणावयाचे आणि तिच्याच पात्रात जुने कपडे, निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या आणि साबणाचा फेस सोडावयाचा, ही कोणती मातृभक्ती? मणिकर्णिकेवर कोणाच्या तरी घरचे माणूस चितेवर असते. तेथे छायाचित्रे काढणे हा निव्वळ निर्दयपणा आहे. काशीत एखादी वस्तू सोडण्याची प्रथा आहे. कोणी फळ सोडतो, कोणी भाजी. ज्यांना गोड वांगे सोडणे सोपे जाते, त्यांनी तंबाखू सोडून पाहावी, व्याजाचा धंदा सोडून पाहावा, भावाशी बांधावरून धरलेला अबोला सोडून पाहावा. विश्वनाथाला ते अधिक रुचेल.

आता मुख्य मुद्दा. ज्यांचे घर सुस्थित आहे, ते आज ना उद्या जातील. पण ज्या मातेचे शब्द आम्ही वर दिले, तिच्यासारख्या माता प्रत्येक गावात आहेत. ज्यांची मुले कोयता घेऊन सहा-सहा महिने ऊसतोडीला जातात, ज्यांच्या घरात तिकीट काढून देणारे कोणी नाही, ज्यांनी तुळजापूर-पंढरपूरपलीकडे जग पाहिलेले नाही, त्यांना काशी कोण दाखवणार? राज्य शासनाने २०२४मध्ये साठ वर्षांवरील, अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी तीर्थदर्शन योजना जाहीर केली. तिची सद्यःस्थिती समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारावी, कागदपत्रांसाठी हेलपाटे घालावेत. पण सारे शासनावर सोपवून स्वस्थ बसणे हा आपला स्वभाव नव्हे. प्रत्येक गावातील दोन तरुणांनी एवढेच करावे. काशी न पाहिलेल्या वृद्धांची यादी करावी. ती करताना कोणतीही वस्ती, कोणतीही जात सुटू देऊ नये. गावात काशीची भिशी सुरू करावी. दरमहा थोडे थोडे साठवले, तर दोन-तीन वर्षांत एक जथा निघू शकतो. आणि त्या जथ्याबरोबर स्वतः जावे. कोणाचे गाठोडे उचलावे, कोणाला पायरी उतरताना हात द्यावा, कोणाच्या औषधाची वेळ पाळावी. वेदमूर्ती विष्णुभट गोडसे यांनी १८५७च्या धामधुमीतून जीव वाचवून परतताना आपल्या मातापित्यांसाठी गंगेची कावड वरसईपर्यंत खांद्यावरून आणली होती. आज गंगा खांद्यावर आणण्याची आवश्यकता नाही. आईवडिलांना, आणि ज्यांना कोणी नाही अशा गावच्या आईवडिलांना, गंगेपर्यंत नेण्याची आवश्यकता आहे.

परतल्यावर मावंदे घालण्याची प्रथा आहे. गंगापूजन करून, तीर्थ वाटून यात्रेकरूने गावाला जेवू घालावयाचे. हे मावंदे साधे असावे, पण अख्ख्या गावाचे असावे. वाड्यापासून वस्तीपर्यंत सर्वांनी एका पंगतीस बसावे आणि गडूतील गंगा सर्वांच्या ओंजळीत सारखीच पडावी. ती पंगत जर वेगवेगळी बसली, तर यात्रा विफल झाली असे खुशाल समजावे.

आपल्याच जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांनी संतमेळ्यात एकेकाच्या मस्तकावर थापटून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे याची पारख केली होती, ही कथा सर्वश्रुत आहे. काशीहून परतलेल्या प्रत्येकाच्या माथ्यावर गोरोबाकाकांचा हात पडणार आहे, असे समजून आपण निघावे. तेथे किती वाजता दर्शन झाले, कोणत्या हॉटेलात उतरलो, किती छायाचित्रे काढली, हे काका विचारणार नाहीत. ते विचारतील, सोबत कोणाला नेले होते?

वाशीच्या त्या घरात आम्ही निघताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मुलाने कार्तिकातील एका तारखेभोवती पेनाने गोल केला होता. त्याची आई ती तारीख वाचू शकत नव्हती, पण त्या गोलावरून तिने दोनदा बोट फिरवले. अशी एक तारीख आपल्याही घरच्या भिंतीवर यंदा उमटावी. काशीस जावे हे नित्य वदून झाले, आता जावे.